त्रास वाढायच्या आधीच कागद करून ठेवा

घरात कुणाला बायपोलर (कधी अति जोश, कधी खोल उदासी), स्किझोफ्रेनिया (भास, संशय) किंवा सारखं परत येणारं डिप्रेशन असेल तर, त्रास उफाळला की कुणी काय करायचं हे कागदावर लिहायचं काम माणूस बरा असतानाच करा, आणि त्याला शेजारी बसवून करा. पाठीमागं ठरवलेलं ऐन वेळेला फसतंच, त्याला वाटतं सगळे मिळून अडकवायलेत.

सुरुवात कशी होते ते त्याच्याच शब्दात लिहा. बऱ्याचदा आधी झोप जाते, मग रात्री दोनला कपाट आवरणं, भराभर बोलणं, उधारीवर खरेदी, नाहीतर उलटं, आंघोळ नाही, जेवण नाही, फोन बंद. बायपोलरमध्ये जागरण लई वाईट, त्यामुळं गड्ड्याच्या जत्रेला जायचं पण झोपायला वेळेवर घरी, हे आधीच ठरलेलं बरं. लिथियमची (मूड ताब्यात ठेवणारी) गोळी चालू असेल तर आपला एप्रिल-मे जपून काढा, घामानं अंगातलं पाणी कमी झालं की रक्तात लिथियम वाढतं, मेडिकलवरून आणलेल्या ब्रुफेनसारख्या गोळीनंपण वाढतं. हात जास्त थरथरायलेत, उलट्या-जुलाब, तोल जातोय असं दिसलं तर पुढची गोळी द्यायच्या आधी डॉक्टरला फोन, आणि फोन लागला नाही तर सरळ दवाखाना.

कागदावर गोळ्यांची नावं, डोस, डॉक्टरचा नंबर, स्ट्रिपचा फोटो मोबाईलमध्ये. आणि बोलणार कोण ते. मामा आला की शांत होतो, काका आला की भडकतो हे सगळ्यांना माहीत असतं, तरी वेळेला काकाच पुढं! म्हणून नावानिशी लिहा, एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी पोरं घेऊन शेजारी जायचं.

रात्री न्यायचं कुठं, सिव्हिलला का नेहमीच्या डॉक्टरकडं, ओळखीचा रिक्षावाला कोण, हेपण ठरवा. अँब्युलन्स 108, जिवाला धोका असेल तर 112. नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन 14416, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. "जगावंसं वाटत नाही" म्हणाला तर एकटं सोडू नका, जीव द्यायचा विचार येतोय का असं सरळ विचारा, विचारल्यानं डोक्यात भरत नाही. द्राक्ष-डाळिंबवाल्यांनी फवारणीचं औषध घरात ठेवूच नका, जादा गोळ्यापण दुसऱ्याकडं द्या.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं माणूस आजारपणात आपल्या वतीनं बोलणारा प्रतिनिधी स्वतः नेमू शकतो, साध्या कागदावर सही किंवा अंगठा चालतो. कुठले उपचार हवेत, कुठले नकोत हेपण आधी लिहून ठेवता येतं, त्याला साक्षीदार वगैरे लागतात, डॉक्टरला विचारा.

कुणीतरी "बाहेरचं बघून घ्या" म्हणणारच. अंगारा लावू द्या, वाद घालत बसू नका, फक्त गोळी बंद करायची नाही एवढं ठाम सांगा.

एक कॉपी गॅसच्या पुस्तकासोबत, एक मामाकडं. गोळी बदलली की दोन्ही जुन्या फाडून नवीन लिहा.