तवंदी घाटानंतर एफएम खरखरतं? आधी अँटेना तपासा

कोल्हापूरहून बेळगावकडे जाताना निपाणीपर्यंत कोल्हापूर आकाशवाणी (१०२.७ मेगाहर्ट्झ) स्वच्छ आणि घाट ओलांडला की नुसती खरखर. एफएमची लाट डोंगराआड क्षीण होते, हे खरंच. पण संकेश्वरकडच्या उंच, मोकळ्या माळावरही स्टेशन परत येत नसेल तर दोष बहुधा गाडीतच असतो.

माझ्या गाडीत बाहेरून घेतलेला स्टिरिओ होता. छतावरच्या आखूड अँटेनाच्या बुडात छोटा अॅम्प्लिफायर असतो आणि त्याला १२ व्होल्ट लागतात. स्टिरिओची ‘अँटेना’ लिहिलेली निळी वायर मोकळीच सोडलेली होती. ती अँटेनाच्या अॅम्प्लिफायरला वीज देणाऱ्या वायरला जोडून टेप लावली. (काही गाड्यांत हा पुरवठा अँटेनाच्या केबलमधूनच जातो, तिथे त्या गाडीचा अॅडॉप्टर घ्यावा, उगाच वायर कापू नये.) मग छताचं अस्तर थोडं सैल करून बुडाचा नट काढला. पावसाचं पाणी झिरपून तिथे गंज चढला होता. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, नवा रबर वॉशर घातला. अर्थिंग, म्हणजे अँटेनाच्या बुडाचा गाडीच्या पत्र्याशी थेट संपर्क, नीट नसेल तर कितीही महाग अँटेना वाया जाते.

अॅम्प्लिफायर नसलेली साधी काडीची अँटेना लावणार असाल तर या स्टेशनसाठी सुमारे ७३ सेंटिमीटर, म्हणजे पाव तरंगलांबी.

तरी घरघर राहिली तर मोबाइल चार्जर आणि डॅशकॅम काढून ऐका. स्वस्त चार्जर हमखास त्रास देतात. सेटिंगमध्ये ‘लोकल’ (फक्त जोरदार स्टेशनं पकडणारी सोय) बंद ठेवा, स्टिरिओ आवाजाऐवजी मोनो चालू करा. दुबळ्या सिग्नलला मोनोत खरखर बरीच कमी होते.