पर्याप्त कारण आणि संकल्पस्वातंत्र्य : या चुका टाळा

पर्याप्त कारणाशिवाय काहीही घडत नाही, हे जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझचे तत्त्व मान्य केले की संकल्पस्वातंत्र्य, म्हणजे आपला निर्णय आपण स्वतंत्रपणे घेतो ही कल्पना, आपोआप निकालात निघते, असा निष्कर्ष पुष्कळ जण घाईने काढतात. निर्णयाला कारण असणे आणि तो अनिवार्य असणे यांत येथे गल्लत होते. लायब्निझने १६८६ च्या सुमारास सीझरच्या उदाहरणावर हा भेद मांडला : रोमन सेनानी सीझर रुबिकॉन नदी ओलांडणार हे त्याच्या परिपूर्ण संकल्पनेत (त्याच्याविषयीचे सारे काही सामावणाऱ्या संकल्पनेत) सामावलेले, म्हणून निश्चितच होते, परंतु तो काठावरच थांबला असे मानण्यात कोणताही व्याघात (तार्किक आत्मविसंगती) नाही, म्हणून ते अनिवार्य नव्हते. कारणे मनाला कल देतात, भाग पाडत नाहीत.

दुसरी चूक याच्या उलट टोकाची आहे. स्वातंत्र्य वाचवण्यासाठी काही जण निर्णयालाच निष्कारण ठरवतात आणि गवताच्या दोन अगदी सारख्या भाऱ्यांमध्ये उभ्या असलेल्या, आणि एकाला निवडण्याचे कारण नसल्याने अडून राहणाऱ्या, ‘ब्युरिदानच्या गाढवा’च्या प्रसिद्ध उदाहरणाचा दाखला देतात. लायब्निझने १७१० मध्ये त्याला खोचक उत्तर दिले, की असा समतोल खरा व्हायचा तर गाढवाच्या मधोमध उभी रेघ मारून सारे विश्व दोन सारख्या भागांत कापता आले पाहिजे, आणि गाढवाची आतडीसुद्धा तशी सारखी नसतात. शिवाय निष्कारण घडलेली निवड ‘माझी’ कशी, हा प्रश्न उरतोच.

मात्र लायब्निझच्या भेदाने वाद मिटला असे समजणे, ही मला सर्वांत महागात पडणारी चूक वाटते. अमेरिकी तत्त्वज्ञ पीटर व्हॅन इनवॅगन यांनी १९८३ मध्ये युक्तिवाद केला, की साऱ्या आपातिक सत्यांची (जी खरी आहेत, पण खरी नसतीही अशा सत्यांची) एकच बेरीज केली, तर तिचे पर्याप्त कारण आपातिक असू शकत नाही, कारण मग ते त्या बेरजेतच येईल आणि स्वतःचेच कारण ठरेल. ते अनिवार्य असेल, तर त्यातून निष्पन्न होणारी बेरीजही अनिवार्य ठरते, म्हणजे लायब्निझचा भेदच उरत नाही. सारे काही अनिवार्यच आहे असे मानणाऱ्या तत्त्वज्ञ स्पिनोझाला या निष्कर्षाची अडचण नव्हती. ज्यांना आहे, त्यांनी आधी ‘पर्याप्त कारणातून कार्य तर्कतः निष्पन्न झालेच पाहिजे’ हे गृहीतक तपासावे. मलाही ते सोडणेच योग्य वाटते; पण मग तेच कारण असताना हीच निवड का झाली, दुसरी का नाही, याचे उत्तर देण्याची जबाबदारी ते गृहीतक सोडणाऱ्यावर येते.