आधी वजनकाटा बाजूला ठेवा

मुलांना खेळाची आणि चांगल्या खाण्याची सवय लागावी म्हणून आम्ही संध्याकाळचा एक गट चालवतो. अकरा वर्षांपूर्वी त्याचा पहिला दिवस होता. दहा ते सोळा वयाची तेवीस मुलंमुली जमली होती. सुरुवात अगदी शास्त्रशुद्ध व्हावी म्हणून मी वजनकाटा मांडला, सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि एकेकाचं वजन मोठ्याने वाचून वहीत लिहून घेऊ लागले. एका मुलीचा आकडा ऐकून मागे कुणीतरी फिसकन हसलं. ती काही बोलली नाही. काट्यावरून उतरली, चपला घातल्या आणि निघून गेली. दोन दिवसांनी तिच्या घरी जाऊन मी माफी मागितली. ती नीट बोलली, पण गटात पुन्हा कधी आली नाही.

म्हणून कुणी मला विचारलं, की आमच्याकडेही मुलांसाठी असं काही सुरू करायचंय, पहिलं काय करू, तर मी सांगते: वजनकाटा आणू नका. वाढीच्या वयात उंची आणि वजन एकाच चालीने वाढत नाहीत, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. शरीरावरून टोमणे खाल्लेली मुलं मात्र उपाशी राहायला लागतात किंवा लपून खातात, हे मी पाहिलंय. 'जाड', 'बारीक' हे शब्द आमच्याकडे बंद आहेत. 'अगं, किती बारीक झालीस!' हे कौतुकसुद्धा बंद. एखाद्या मुलाची खरोखर काळजी वाटली तर पालकांशी एकांतात बोलावं आणि डॉक्टरांकडे पाठवावं. वजन ठीक आहे की नाही हे ठरवणं आपलं काम नाही.

जागा कुठलीही चालते, पण दिवस आणि वेळ पक्की हवी. आठवड्यातून दोनच दिवस ठेवा, पण चुकवू नका. दर वेळी किमान दोन मोठी माणसं हजर हवीत. एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलाला घेऊन बसायचं नाही. पालकांची लेखी परवानगी घ्या. त्याच कागदावर दमा, फिट्स, शेंगदाणे-दूध-अंडी यांची ॲलर्जी आणि अडचणीच्या वेळी लावायचा फोन नंबर लिहून घ्या. हे कंटाळवाणं वाटलं तरी सोडू नका.

मग बोलायच्या आधी ऐका. आम्ही पहिल्या आठवड्यात बिननावाच्या चिठ्ठ्या लिहून घेतो: शाळेतून आल्यावर भूक लागली की काय खातोस? ते कोण आणतं? रात्री किती वाजता झोपतेस? खेळायला का जात नाहीस? एका वर्षी पाच चिठ्ठ्यांवर एकच उत्तर होतं, 'घरी कुणी नसतं, म्हणून बिस्किटं.' त्या मुलांना बिस्किटांचे तोटे सांगून काय उपयोग? आम्ही त्यांना गॅस न पेटवता करता येतील असे चार पदार्थ शिकवले: मोड आलेल्या मुगाची कोशिंबीर, दह्यात कालवलेली फळं, असे.

आता खेळाचं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की ५ ते १७ वयाच्या मुलांची रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल व्हावी, आणि त्यात आठवड्यातून किमान ३ दिवस जोरकस, हाडं-स्नायू बळकट करणारी हालचाल असावी. धावणं, उड्या, चढणं, लोंबकळणं, सगळं यात येतं. ही ६० मिनिटं सलग लागत नाहीत, हे मुलांना आवर्जून सांगा. २०१६ सालच्या जगभरच्या आकडेवारीत ११ ते १७ वयाच्या दर १०० मुलग्यांपैकी ७८ आणि मुलींपैकी ८५ जणी एवढ्याही हलत नव्हत्या.

का हलत नाहीत, याचं एक कारण आपण निवडलेल्या खेळातच असतं. ज्या खेळात 'आऊट' झालेला बाहेर बसतो, त्यात सगळ्यात कच्चं मूल सगळ्यात आधी बाद होतं आणि सगळ्यात जास्त वेळ बसून राहतं. ज्याला हालचालीची खरी गरज, तोच कट्ट्यावर! म्हणून नियम बदला. आमच्या पकडापकडीत पकडला गेलेला बाहेर जात नाही. जागच्या जागी दहा उड्या मारतो आणि परत खेळात येतो. कप्तानांनी एकेक गडी निवडायची पद्धतही सोडा, चिठ्ठ्या टाकून संघ पाडा. शेवटी उरलेल्या मुलाचा चेहरा एकदा नीट बघितलात तर कारण सांगावं लागणार नाही. आणि शिक्षा म्हणून कुणालाही पळवू नका, नाहीतर पळणं म्हणजे शिक्षा हेच डोक्यात बसतं.

मुली तेराव्या-चौदाव्या वर्षी गळायला लागल्या तेव्हा मी त्यांनाच विचारलं. उत्तरं साधी होती: कपडे बदलायला दार लागणारी जागा नाही, पाळीच्या दिवसांत भीती वाटते, बघे उभे असतात. दाराला कडी बसवली, पॅड ठेवलेला डबा न मागता हाताला येईल असा ठेवला, अर्धा तास फक्त मुलींसाठी राखला. व्याख्यान एकही दिलं नाही, आणि सात जणी परतल्या.

किती जोर लावायचा हे कळायला यंत्र लागत नाही. खेळता खेळता बोलता येतं पण गाता येत नाही, तर जोर मध्यम. दोन-चार शब्दांतच धाप लागते, तर जोरकस. नाडी मोजायलाही शिकवा: मनगटावर दोन बोटं, १५ सेकंदांचे ठोके, त्याला चाराने गुणा. स्वतःची नाडी पहिल्यांदा सापडते तेव्हा दांडगट मूलही एकदम गप्प होतं.

आहाराचं म्हणाल तर मी फळ्यावर काही लिहीत नाही. एक रिकामा पारदर्शक ग्लास, साखरेचा डबा आणि चमचा ठेवते. गोड फसफसत्या पेयाच्या ३३० मिलीच्या कॅनवरचं लेबल एका मुलाने वाचायचं. साधारण ३५ ग्रॅम साखर निघते. एका चहाच्या चमच्यात सुमारे ४ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ नऊ चमचे. दुसऱ्याने ते ग्लासात टाकायचे आणि बाकीच्यांनी मोजायचे. पाचव्या चमच्याला कुणीतरी 'बास ना!' म्हणतंच. मी त्यावर काही बोलत नाही. मग लेबलावरच्या दोन गोष्टी दाखवते: आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका वाढपाचा, आणि घटकांच्या यादीत पहिलं नाव कशाचं, कारण सहसा जे सर्वांत जास्त तेच पहिलं असतं.

'वाईट खाणं' असा शब्द मात्र वापरू नका. आम्ही 'रोजचं' आणि 'कधीतरीचं' म्हणतो. घरात जे परवडतं तेच मूल खातं. त्याला वाईट म्हटलं की ते आपल्या आईकडे संशयाने बघायला लागतं.

दहा वर्षांपुढच्या मुलांनी दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं खावीत. ती पोटात जायची तर आधी हातात यायला हवीत. भाजीला हात न लावणारा एक मुलगा होता. त्याला मी गाजरं किसायचं काम दिलं. तीन आठवडे तो नुसताच किसत होता. चौथ्या आठवड्यात किसता किसता एक तुकडा तोंडात टाकला आणि कुणी पाहिलं का, म्हणून इकडेतिकडे बघितलं. मी पाहिलं नाही असं दाखवलं. नवी चव अंगवळणी पडायला दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते, तेव्हा दुसऱ्या खेपेला हार मानू नका. एक घास चाखायचा, नाही आवडला तर कागदी रुमालात काढून टाकायचा, ही मुभा द्या.

पाळी सुरू झालेल्या मुलींना लोहाबद्दल जरूर सांगा. डाळी-कडधान्यांवर लिंबू पिळलं की त्यातलं लोह जास्त अंगी लागतं, आणि जेवणाबरोबरच्या चहामुळे कमी. चहा तासाभराने घ्यावा.

आणि खाऊ सुरुवातीलाच द्या, शेवटी नाही. सगळ्यांना, काही न विचारता. काही मुलं उपाशी पोटी आलेली असतात आणि ते कधीच सांगत नाहीत. चिडचिड करणारा, कोपऱ्यात बसणारा मुलगा एक केळं आणि मूठभर फुटाणे खाल्ल्यावर वेगळाच दिसतो.

झोपेवर मी फार बोलत नाही. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास लागतात, ६ ते १२ वयाला ९ ते १२. किशोरवयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, त्यामुळे उशिरा झोप येणाऱ्याला आळशी म्हणू नका. एक आठवडा फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपायचा प्रयोग सगळ्यांनी मिळून करा, मोठ्यांनीही.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांकडे धाकट्यांची जबाबदारी सोपवा. माझ्या दहा वाक्यांपेक्षा ताईचं एक वाक्य त्यांच्या गळी उतरतं.

नोंद ठेवायची ती मुलाने स्वतःच्या वहीत, स्वतःच्याच मागच्या महिन्याशी ताडून: किती उड्या झाल्या, किती भाज्या चाखल्या. माझ्या वहीत फक्त हजेरी असते. सलग दोनदा कुणी आलं नाही तर मी त्याच संध्याकाळी घरी फोन लावते. 'का आली नाहीस?' असं विचारत नाही. 'पुढच्या वेळी दोरीच्या उड्यांना एक जोडीदार कमी पडतेय, येतेस का?' एवढंच विचारते.