इटलीला जाताय? एक दिवस मोन्तोनेसाठी ठेवा

रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस केलं की आपल्याकडच्या बहुतेकांची इटली संपते, पण एक दिवस काढता आला तर मध्य इटलीच्या उंब्रिया प्रांतातलं मोन्तोने बघाच, आणि मराठी माणसाने तर चुकवूच नये, कारण दुसऱ्या महायुद्धात या भागात लढलेल्या नाईक यशवंत घाडगे यांचं स्मारक इथे आहे.

गाव अगदी छोटं, डोंगरमाथ्यावर, जुन्या तटबंदीच्या आत. सगळ्यात सोपं म्हणजे पेरुजाहून गाडी भाड्याने घ्या, उंबेर्तिदेपर्यंत या आणि तिथून घाट चढा. बसनेही जाता येतं, पण टाइमटेबल आदल्या दिवशीच बघून ठेवा, रविवारी तर नक्कीच. गाडी तटाबाहेर लावायची, आतल्या गल्ल्या दगडी, अरुंद आणि चांगल्याच चढाच्या आहेत त्यामुळे बूट घालूनच जा. आणि सकाळीच पोचा, दुपारी जेवणाच्या वेळी बरंच काही बंद असतं.

हे गाव फोर्तेब्राच्चो घराण्याचं. त्यातला ब्राच्चो (१३६८ ते १४२४) म्हणजे पैसे घेऊन लढणारा त्या काळातला नावाजलेला सेनापती, त्याने १४१६ मध्ये पेरुजा जिंकलं आणि १४२४ मध्ये लाक्विलाच्या लढाईत जखमी होऊन गेला. त्याचा मुलगा कार्लो व्हेनिसच्या बाजूने लढायचा, त्याला १४७३ मध्ये येशूच्या काटेरी मुकुटातला मानला जाणारा एक काटा मिळाला. त्या काट्याचा उत्सव ऑगस्टमध्ये असतो, गावातले तीन मोहल्ले एकमेकांशी स्पर्धा करतात, जमलं तर तेव्हाच जा. एरवी सान फ्रांचेस्को चर्च आणि त्याला लागून असलेलं म्युझियम बघा, तिथे बार्तोलोमेओ कापोरालीने १४८२ मध्ये रंगवलेलं निशाण, म्हणजे चर्चच्या मिरवणुकीतला चित्रांचा ध्वज, आहे, त्याच्यापुढे निवांत वेळ काढा.

जेवायला तोर्ता अल तेस्तो मागा, म्हणजे तव्यावरची जाड भाकरीच म्हणा, आत पालेभाजी आणि चीज. शाकाहारी असाल तर पिठात डुकराची चरबी आहे का हे आधी विचारा, कुठे कुठे घालतात.

आता मुख्य. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ ला, इथल्याच टायबर नदीच्या वरच्या भागातल्या खोऱ्यात ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्यातल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे जर्मनांशी लढले. माणगाव तालुक्यातले, वय फक्त २२. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले, बाकी सगळे पडले, काही मेले काही जखमी, तरी हे एकटे त्या मोर्चावर धावून गेले, ग्रेनेड टाकून गन बंद पाडली, एकाला टॉमीगनने (हातातल्या छोट्या मशीनगनने) टिपलं आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग स्नायपरच्या गोळ्या लागून तिथेच गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालं.

२०२३ मध्ये मोन्तोनेत त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, हे त्याचं ब्रीद. ऊन असतानाच तिथे जा, म्हणजे सावली पडलेली दिसेल, आणि मुलं सोबत असतील तर वरची गोष्ट त्यांना तिथेच उभं राहून सांगा, खोरं समोर असलं की नीट कळते.

घाडग्यांची कबर मात्र सापडणार नाही, ती नाहीच. त्यांचं नाव कासिनोच्या युद्धस्मारकावर कोरलंय. कासिनो रोम ते नेपल्सच्या रेल्वेमार्गावर आहे, त्यामुळे पुढे नेपल्सला जाणार असाल तर मधे उतरा आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या यादीत त्यांचं नाव शोधा.