रणगाड्याच्या मॉडेलवर झिजलेलं लोखंड: चमक कुठे, तपकिरी कुठे

१/३५ मापाच्या मॉडेलवर दिसेल त्या कडेला चंदेरी रंग लावला, की रणगाडा खेळण्यातला वाटू लागतो. उघडं पडलेलं पोलाद फार काळ चकचकीत राहत नाही, दमट हवेत तर लगेचच तांबूस पडतं. चमक टिकते ती जिथे सतत घासाघीस चालू असते तिथे. म्हणून ब्रश हातात घेण्याआधी एवढंच बघा: इथे रोज काही घासतं का? ट्रॅकचे, म्हणजे चाकांभोवतीच्या साखळीपट्ट्याचे, जमिनीला टेकणारे उंचवटे, दातेरी चाकाच्या दातांच्या बाजू, कुऱ्हाडीची धार, झाकणाची कड, चढण्या-उतरण्याच्या जागा. बाकी पत्र्यावरचे टवके तपकिरीच ठेवा.

क्रम चुकला की मेहनत वाया जाते. मूळ रंग, मग वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग), तो पूर्ण वाळला की मॅट वार्निश आणि धातूचं काम त्यानंतरच. वर मॅट वार्निश मारलं तर सगळी चमक मरते. शिवाय चमकेसाठी वापरायचं ग्राफाइट (पेन्सिलीच्या शिशाची भुकटी) मॅट पृष्ठभागावरच धरतं, ग्लॉसवर नुसतं घसरतं.

टवके. पॅकिंगच्या फोमचा १ सेंमीचा तुकडा फाडून घ्या. कापू नका, कापलेल्या कडेचे ठसे सरळ रेषेत उमटतात. चिमट्यात धरून काळपट तपकिरी ॲक्रिलिकमध्ये टेकवा आणि टिश्यूवर इतका टिपा की ठसा जेमतेम उमटेल. आधी मूळ रंगाची फिकट छटा टेकवली आणि तिच्या आत तपकिरी बसवली, तर रंगाच्या थराला जाडी आल्यासारखी वाटते. मापाचं भान सुटू देऊ नका: मॉडेलवरचा १ मिमीचा टवका म्हणजे खऱ्या गाडीवर ३.५ सेंमी. मोठे टवके मोजकेच हवेत, ते ००० नंबरच्या ब्रशने काढा.

आणि एम११३ सारख्या अमेरिकी चिलखती गाडीवर गंज चढवायचा मोह आवरा. तिचा सांगाडा ॲल्युमिनियमचा आहे, तिथे टवका फिकट राखाडी दिसतो.

ट्रॅक. पाया गडद तपकिरी-काळा ठेवा, खाचांत मातीच्या रंगाची पिगमेंट (कोरडी रंगभुकटी) भरा. मग ४बी किंवा ६बी पेन्सिल ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून भुकटी पाडा आणि बोटाने फक्त उंचवट्यांवर चोळा. बोट सपाट ठेवलं की भुकटी खाचेत जात नाही, इअरबडने मात्र हमखास जाते. ट्रॅकला रबरी पॅड असतील तर पॅड काळसर राखाडीच राहू द्या, चमक फक्त आजूबाजूच्या पोलादी भागांना. ट्रॅकच्या आतल्या बाजूचं, जिथून चाकं फिरतात तिथलं, गणित वेगळं. चाकांवर रबर असेल तर तिथे ठळक चकचकीत पट्टा पडत नाही, पण दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टायगर रणगाड्याच्या नंतरच्या गाड्यांसारखी पोलादी कडांची चाकं असतील तर तो दाखवायला हवा.

दातेरी चाकाला ड्रायब्रश चांगला. ६ मिमीचा चपटा ब्रश, गनमेटल (गडद धातूचा राखाडी) रंग, थिनर अजिबात नाही. टिश्यूवर पुसून ब्रश जवळजवळ कोरडा झाला की दाताच्या कडेवरून आडवा फिरवा. खाचेत रेघा उमटल्या तर समजा ब्रश ओला होता. नुसता ॲल्युमिनियम रंग वापरू नका, तो फार उजळ पडतो. वापरायचाच तर त्यात निम्मा काळा मिसळा.

तयार झालेला ट्रॅक पुन्हा बोटांनी हाताळला की ग्राफाइट चाकांच्या रबरावर आणि बाजूच्या पत्र्यावर पसरतं. म्हणून ट्रॅक आधी बसवून मगच भुकटी चोळणं सोपं, वरचा झाकला जाणारा भाग तेवढा आधी करून ठेवा.

हत्यारांत फावड्याचं पातं आणि कुऱ्हाडीची धार एवढीच उजळ, बाकी लोखंडी भाग गाडीच्या रंगाचा किंवा काळपट. मशीनगनला चंदेरी नकोच. काळ्यात थोडा निळसर राखाडी घालून रंगवा, वाळल्यावर कडांवरून २बी पेन्सिलचं टोक आडवं फिरवा.