टॅरँटुलाचं पिल्लू कात टाकताना अडकलं तर काय करावं

टॅरँटुला म्हणजे हौसेने पाळला जाणारा मोठा, केसाळ कोळी. त्याचं नखाएवढं पिल्लू डब्यात पाठीवर पडलंय, आठही पाय वर. हे पहिल्यांदा पाहिलं की पोटात गोळाच येतो. माझ्या पहिल्या पिल्लाच्या वेळी ते मेलं असं समजून मी ब्रशच्या टोकाने त्याला सरळ केलं. ते मेलं नव्हतं, कात टाकत होतं. त्या एका ढकलण्यापायी त्याचा एक पाय तुटला आणि दोन वाकडे निघाले. म्हणून सगळ्यात आधी हे सांगावंसं वाटतं: पाठीवर पडलेल्या टॅरँटुलाला हात लावू नका. मरणारा कोळी बहुतेक वेळा पोटावरच असतो आणि त्याचे पाय मूठ आवळावी तसे अंगाखाली वळलेले असतात.

कात अडकते कशामुळे

कोळ्याच्या पायात आत ओढणारे स्नायू असतात, पण काही मुख्य सांधे ताणून सरळ करणारे स्नायूच नसतात. तिथे पाय सरळ होतो तो शरीरातल्या द्रवाच्या दाबाने. कात टाकतानाही हाच दाब लागतो. पोटातला द्रव पुढच्या भागात ढकलला जातो, पाठीवरची ढाल डब्याच्या झाकणासारखी उचलली जाते आणि मग एकेक पाय जुन्या कवचातून हातमोजा काढावा तसा बाहेर येतो. अंगात पाणी कमी असेल तर हा दाब पुरा पडत नाही. पिल्लू लहान, त्यामुळे त्याच्या अंगातलं पाणी मोठ्या कोळ्यापेक्षा फार लवकर उडतं. याशिवाय पडल्यामुळे झालेली इजा, अशक्तपणा किंवा मध्येच झालेली ढवळाढवळ हीही कारणं असतात.

पायरी १: आधीची लक्षणं ओळखा

पिल्लू खाणं सोडतं. पोट टम्म फुगतं, चकाकतं आणि गडद दिसू लागतं. पोटावरचे केस झाडणाऱ्या जातींमध्ये टक्कल पडलेली जागा काळपट होते, कारण खाली तयार झालेले नवे केस कातडीतून दिसतात. काही पिल्लं बिळाचं तोंड माती आणि जाळ्याने बंद करून घेतात. ते उकरू नका. उपास काही दिवसांचा असेल, काही आठवड्यांचाही असेल. पोट गोल आहे तोवर काळजीचं कारण नाही.

पायरी २: डबा तयार ठेवा

खरं काम इथेच आहे. कात अडकल्यावर हातात फारसं काही उरत नाही, त्यामुळे जे करायचं ते या दिवसांत करा.

न खाल्लेला रातकिडा किंवा मीलवर्म (खाद्य म्हणून दिली जाणारी अळी) लगेच बाहेर काढा. एरवी जो भक्ष्य असतो, तोच कात टाकणाऱ्या मऊ पिल्लाला कुरतडून मारू शकतो. उथळ झाकणात पाणी ठेवा. पिल्लू अगदीच बारीक असेल तर डब्याच्या भिंतीवर किंवा जाळ्याच्या कडेला दोन थेंब सोडा. तळाच्या कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) एक बाजू ओलसर ठेवा, दुसरी कोरडी, म्हणजे पिल्लू स्वतः जागा निवडेल.

“हवेत दमटपणा वाढवा, रोज फवारा मारा” हा सल्ला सर्रास दिला जातो आणि मला तो धोक्याचा वाटतो. पिल्लाला पाणी लागतं ते प्यायला. बंद, कोंदट, चिखल झालेल्या डब्यात बुरशी धरते. हवा खेळती हवीच. पिल्लाच्या अंगावर थेट फवारा तर मुळीच नको.

पायरी ३: फक्त बघा

पिल्लू जाळ्याची बारीक चटई विणतं आणि तिच्यावर उलटं होतं. काही जण कुशीवर पडूनही कात टाकतात. लहान पिल्लाचं काम पंधरा मिनिटांत होऊ शकतं, तासभरही लागू शकतो. मोठ्या कोळ्याला कित्येक तास लागतात. मध्येच ते निपचित पडतं, तो विसावा असतो. थोड्या वेळाने पाय पुन्हा एका तालात आकसतात आणि सैल होतात. डबा हलवू नका, त्यावर झगझगीत प्रकाश टाकू नका.

पायरी ४: खरोखरच अडकलं असेल तर

ढाल उघडली आहे, पाय अर्धे बाहेर आले आहेत आणि कित्येक तासांत काहीच पुढे सरकलेलं नाही, तरच मदतीचा विचार करा. रंगकामाचा अगदी मऊ, बारीक ब्रश कोमट पाण्यात बुडवून अडकलेल्या पायांवरच्या जुन्या कवचाला ओल द्या. दर काही मिनिटांनी थेंबभर, बस. श्वासाची पुस्तकफुप्फुसं (पुस्तकाच्या पानांसारखे थर असलेले अवयव) पोटाच्या खालच्या अंगाला असतात, म्हणजे उलट्या पडलेल्या पिल्लात ती वरच्या बाजूला येतात. तिथे आणि तोंडाजवळ पाणी जाऊ देऊ नका.

ओढू नका. नवं कवच ओल्या कागदासारखं असतं, चिमट्याच्या एका ओढीत फाटतं. पिल्लू बाहेर आलं पण पायाला जुन्या कवचाचा तुकडा लटकतोय, असं असेल तर नवं कवच कडक होईपर्यंत थांबा. मग लोंबणारा कोरडा भाग बारीक कात्रीने कापा, पायाला चिकटलेला राहू द्या. द्रव गळत असेल तर त्या जागी चिमूटभर कॉर्नफ्लोअर लावून गळती थांबवून बघता येते. हे सगळं नीट केलं तरी काही पिल्लं जगत नाहीत, आणि त्यात दर वेळी आपलीच चूक असते असं नाही.

पायरी ५: पुढचे दिवस

पाणी लगेच द्या, अन्न नको. नवे विषदंत आधी पांढरेशुभ्र असतात, मग लालसर होतात, शेवटी काळे. ते काळे दिसेपर्यंत थांबायचं. पिल्लाला यासाठी साधारण चार-पाच दिवस ते आठवडा द्या आणि पहिला घास लहान ठेवा.

टाकलेली कात काढून भिंगाखाली बघा. पायांबरोबर विषदंतांचं आणि शोषक जठराचंही (ज्याने कोळी पातळ झालेलं अन्न आत ओढतो) अस्तर त्यात आलं पाहिजे. जठराचं अस्तर आत अडकलेलं पिल्लू खाऊ शकत नाही, आणि त्यावर घरी करण्यासारखा उपाय नाही. पाय तुटला असेल तर मात्र घाबरू नका. पुढच्या कातेत तो छोटा, बारीक असा उगवतो आणि पुढच्या एक-दोन कातांत भरून निघतो. माझ्या त्या पिल्लाचाही तसाच भरून आला.

विषदंत वाकडे निघाले किंवा तुटले तर शिकार पकडता येत नाही. अशा पिल्लासमोर रातकिडा किंवा मीलवर्म चिरडून, आतला ओला गर वर येईल असा ठेवा. रात्रभर राहू द्या, सकाळी उरलेलं उचला, पाणी भरून ठेवा. पुढची कात येईपर्यंत एवढ्यावरही पिल्लं तगतात.