अक्षरपट्ट्या कापताना झालेली माझी चूक

पहिलीच्या वर्गावर नव्यानं रुजू झालेल्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगते: शब्दखेळांसाठी पट्ट्या कापाल तेव्हा काना, मात्रा, वेलांटी, उकार यांच्या पट्ट्या वेगळ्या कापा. मी कापल्या नव्हत्या. 'चि', 'मी', 'पु' अशी तयार अक्षरं पुठ्ठ्यावर लिहून दिली होती. मुलं भराभर शब्द जुळवायची आणि मी खूश. श्रुतलेखन घेतलं, तर निम्म्या वह्यांत 'चीमणी'. कुठली वेलांटी द्यायची हे पट्टीवर मीच ठरवून टाकलं होतं, मुलांना ते ठरवावंच लागलं नव्हतं.

मग पट्ट्या नव्यानं केल्या. 'प' आणि 'र' शेजारी ठेवायचे आणि 'प'ला एकेक चिन्ह लावून मोठ्यानं वाचायचं. पार, पीर, पूर, पेर, पोर. 'च' घेतला की चार, चीर, चूर, चोर. एखादं मूल विचारतंच, "बाई, पहिली वेलांटी का नाही चालत?" तेव्हा नियम सांगायची घाई करू नका. जीभ, मूल, फूल, सूर हे शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहा आणि गप्प राहा. शेवटचं अक्षर मोकळं असलं की आधीची वेलांटी किंवा उकार बहुतेक वेळा दुसरा येतो, हे कुणीतरी आपणहून ओळखतं. 'गुण', 'विष' असे संस्कृतातून आलेले शब्द मात्र त्या दिवशी बाजूलाच ठेवा.

पहिल्या वेलांटीची वेगळीच अडचण आहे. ती लिहायची अक्षराच्या आधी, ऐकू येते नंतर. त्यासाठी मुलांनाच गळ्यात पट्ट्या घालून उभं करते. शब्द 'किती'. पहिली वेलांटी 'क'च्या अलीकडे जाते, दुसरी 'त'च्या पलीकडे. पहिल्या दिवशी ढकलाढकली होते, होऊ द्या. आपली जागा पायांनी शोधलेलं मूल वहीत ती सहसा चुकत नाही.

माझा सगळ्यात आवडता खेळ म्हणजे रिकामी घरं. फळ्यावर तीन चौकोन काढायचे, पहिल्याला पहिली वेलांटी, मधला मोकळा, तिसऱ्याला दुसरी वेलांटी. अक्षरं मुलांनी भरायची. चिमणी, पिशवी, गिरणी, हिरवी... एकाच साच्यात इतके शब्द बसतात हे कळलं की वर्ग थांबत नाही. आणि 'चीमणी' लिहिणारी मुलंच "तिथं पहिली आहे ना!" म्हणून दुसऱ्याला अडवू लागतात.

जोडाक्षरांना टाळी आणि मूठ. पूर्ण अक्षराला टाळी, अर्ध्याला मूठ. 'पुस्तक' म्हणजे टाळी, मूठ, टाळी, टाळी. 'पुसतक' लिहिणाऱ्याला मूठ आठवते.

दोन गोष्टी मात्र करू नका. चुकलेल्याला खेळाबाहेर बसवू नका, सरावाची गरज त्यालाच जास्त असते. आणि इतक्या लहान वयात 'चूक शोधा' म्हणून चुकीचे शब्द फळ्यावर लिहू नका, चुकीचं रूपच डोळ्यांत बसतं. खेळ दहा मिनिटांचा पुरे, गट चार-पाच जणांचा.

रफार मी शेवटी घेते. 'सूर्य' म्हणताना 'र'ची मूठ 'य'च्या आधी येते, लिहिताना मात्र तो 'य'च्या डोक्यावर चढतो. पहिली वेलांटी पक्की होईपर्यंत त्या पट्टीला मी हात लावत नाही.